विज्ञानशिक्षक तासांनी वाढत नाही

मुलांना विज्ञान येत नाही, कारण शिक्षकांना ते शिकवता येत नाही. शिक्षकांना शिकवता येत नाही, कारण त्यांना पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नाही. तेव्हा प्रशिक्षण वाढवा. विज्ञानशिक्षणाची चर्चा कुठेही सुरू झाली, की हे तीन वाक्यांचे सूत्र हमखास ऐकू येते. मंत्रालयातल्या बैठकीत ते बोलले जाते, संस्थाचालकांच्या भाषणात येते, पालकांच्या तक्रारीत येते आणि खुद्द शिक्षकांच्या तोंडीही बसले आहे. अलीकडे त्याला स्टेमची जोड मिळाली आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकवायचे, तर शिक्षकांना नवी साधने हाताळता आली पाहिजेत, त्यासाठी आणखी कार्यशाळा, आणखी ऑनलाइन अभ्यासक्रम, आणखी प्रमाणपत्रे हवीत, असे आता मानले जाते.

हे सूत्र बहुतांशी चुकीचे आहे आणि त्यावर आधारलेली धोरणे शिक्षकांचा वेळ, सरकारचा पैसा आणि मुलांची वर्षे वाया घालवत आहेत, असे माझे मत आहे. ते मांडण्याआधी समोरच्या पक्षाचे म्हणणे पूर्ण ताकदीनिशी समजून घेणे भाग आहे.

पूर्वपक्ष असा. आपल्या देशात शिक्षकांची संख्या अवाढव्य आहे. उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अनेकांनी स्वतः दहावीनंतर विज्ञान घेतलेले नसते. पाठ्यपुस्तके बदलतात, अभ्यासक्रम बदलतो, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी मिळालेली डी.एड.ची पदविका तीच राहते. अशा शिक्षकांपर्यंत पोहोचायचे, तर मोठ्या प्रमाणावर चालणारी यंत्रणा हवी. म्हणून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे निरंतर व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा नोंदवली. त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेल्या 'निष्ठा' कार्यक्रमाने ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१६ पासून अटल नवोन्मेष मोहिमेतून निवडक शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. तास, पोहोच आणि साधने, अशी ही तिहेरी योजना आहे.

या पक्षाजवळ पुरावाही आहे. अमेरिकेच्या शिक्षण विभागासाठी २००७ मध्ये क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी शिक्षक-प्रशिक्षणावरच्या तेराशेहून अधिक अभ्यासांची छाननी केली. त्यातल्या भक्कम पद्धतीने केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की सरासरी ४९ तासांचे प्रशिक्षण मिळालेल्या शिक्षकांची मुले इतरांच्या तुलनेत सुमारे २१ शततमकांनी पुढे गेली. एकोणपन्नास तास आणि आपल्या धोरणातले पन्नास तास यांच्यातले साम्य पाहून कुणालाही वाटेल, की प्रश्न सुटला.

आता याच पुराव्याकडे जवळून पाहू. तेराशेहून अधिक अभ्यासांपैकी कसोटीला उतरले फक्त नऊ. त्या नऊ अभ्यासांत प्रशिक्षण ज्यांनी तयार केले होते, त्यांनी किंवा त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी ते थेट शिक्षकांना दिले होते. एकाने दुसऱ्याला शिकवायचे आणि दुसऱ्याने तिसऱ्याला, ही पद्धत त्यांत नव्हती. प्रशिक्षणाचा विषय वाचन, गणित किंवा विज्ञान असा ठरलेला होता आणि बहुतेक ठिकाणी कार्यशाळेनंतर पाठपुरावा झाला होता. म्हणजे ज्या पुराव्यावर पन्नास तासांची इमारत उभी करता येईल, तो पुरावा आपल्याकडे चालणाऱ्या पन्नास तासांबद्दल काहीच सांगत नाही. आपले तास तंबाखूमुक्त शाळा, आपत्ती व्यवस्थापन, मूल्यांकनाच्या नोंदी, नव्या ॲपची माहिती आणि मधूनमधून विज्ञान, असे विखुरलेले असतात. तासांची बेरीज जुळते, पण त्या तासांत एकाच विषयाचा धागा नसतो.

नुसत्या तासांनी आणि पैशांनी काय होते, याचे एक मोठे उदाहरण आहे. अमेरिकेतल्या टीएनटीपी या संस्थेने २०१५ मध्ये तीन मोठ्या शिक्षण-जिल्ह्यांतल्या दहा हजारांहून अधिक शिक्षकांचा अभ्यास केला आणि त्याला 'मिराज' म्हणजे मृगजळ असे नाव दिले. ते जिल्हे दर शिक्षकामागे वर्षाला सरासरी १८ हजार डॉलर प्रशिक्षणावर खर्च करत होते. तरी बहुतेक शिक्षकांच्या कामात वर्षानुवर्षे ठळक सुधारणा दिसली नाही. ज्यांच्यात दिसली, त्यांना मिळालेले प्रशिक्षण इतरांपेक्षा प्रकाराने किंवा प्रमाणाने वेगळे नव्हते. इतक्या श्रीमंत व्यवस्थेत जे साधले नाही, ते आपल्या गटसाधन केंद्राच्या सभागृहात पंख्याखाली बसवून साधेल, असे मानायला काही आधार नाही.

दुसरा मुद्दा पोहोचीचा. आपली प्रशिक्षणे उतरंडीने खाली येतात. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, जिल्ह्याचे सुलभक तालुक्याच्या सुलभकांना आणि तालुक्याचे सुलभक गटसाधन केंद्रात जमलेल्या शिक्षकांना. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात. पाच दिवसांचे तीन होतात, तीनाचे दोन. जे सांगता येते ते खाली पोहोचते, जे करून पाहावे लागते ते गळते. वैचारिक मांडणी पोहोचते, उद्दिष्टे पोहोचतात, सादरीकरणाच्या पाट्या पोहोचतात. प्रयोग पोहोचत नाही. आणि विज्ञानशिक्षकाला नेमका प्रयोगच हवा असतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांनी ही उतरंड मोडली खरी, पण तिथे तर हाताने करण्याची वेळच येत नाही. चित्रफीत पुढे जाते, शेवटी प्रश्नावली सुटते, प्रमाणपत्र उतरवून घेतले जाते.

प्रयोग पोहोचत नाही म्हणजे नेमके काय हरवते, ते एका साध्या पाठावरून पाहू. टॉर्चचा एक बल्ब, एक सेल आणि वायरचा एक तुकडा. एवढ्यावर बल्ब पेटवायचा. शाळेतली साधी कृती आहे. पण या तीन वस्तू मोठ्या माणसांच्या हातात दिल्या, तर अनेक जण वायरचे एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरे बल्बच्या बुडाला लावून थांबतात. अमेरिकेत १९९७ च्या 'माइंड्स ऑफ अवर ओन' या माहितीपटासाठी एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान संस्थेच्या पदवीदानाच्या दिवशी पदवीधरांना हेच करायला सांगितले होते आणि त्यातलेही कित्येक अडखळले. बल्बला दोन संपर्कबिंदू असतात, एक बुडाशी आणि एक बाजूच्या आटेदार धातूच्या पट्टीवर, आणि मंडल पूर्ण व्हायला दोन्ही लागतात. हे वाचून माहीत असलेला माणूसही हातात बल्ब आल्यावर चुकतो.

पुढची पायरी अधिक बोलकी आहे. दोन सेल घ्या आणि दोन बल्ब एकामागोमाग एक जोडा. मुलांना विचारा, कोणता जास्त उजळेल? बहुतेक मुले म्हणतील, सेलच्या जवळचा, कारण वीज आधी त्याला मिळते आणि थोडी वापरून झाल्यावर उरलेली दुसऱ्याला जाते. विद्युतधारा वाटेत खर्च होते ही समजूत जगभरच्या मुलांमध्ये आढळते. पुस्तक म्हणते, दोन्ही सारखेच उजळतात. शिक्षक प्रयोग करतो. आणि बाजारातून आणलेल्या स्वस्त बल्बांपैकी सेलच्या जवळचा स्पष्टपणे जास्त उजळतो! वर्गात गलका होतो. पुस्तक खोटे ठरले, मुलांची चुकीची समजूत खरी ठरली आणि शिक्षक घामाघूम झाला. पुढच्या वर्षी तो हा प्रयोग करणार नाही, फळ्यावर आकृती काढून मोकळा होईल.

ज्याने हा प्रयोग सहकाऱ्यांबरोबर आधी करून पाहिला आहे, त्याला पुढची चाल माहीत असते. तो म्हणतो, आता बल्बांच्या जागा बदला. मुले बल्ब बदलतात आणि जास्त उजळणारा बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी जास्तच उजळत राहतो. सेलची टोके उलटी केली तरी तोच उजळतो. म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बचा होता. दोन्ही बल्ब तंतोतंत सारखे नाहीत, एकाच्या तारेचा रोध थोडा जास्त आहे, म्हणून तो जास्त उजळला. धारा दोन्हीतून सारखीच जाते. पाच मिनिटांत वर्गाने एक गृहीतक मांडले, तपासले आणि टाकून दिले. फसलेल्या प्रयोगातून खरे विज्ञान बाहेर आले. स्टेममधून जे व्हावे असे आपण म्हणतो, ते सगळे या पाच मिनिटांत आहे. आणि जागा बदलायची ही एक युक्ती शिक्षकाजवळ असणे किंवा नसणे यावर ते अवलंबून आहे. ही युक्ती कोणत्याही प्रमाणपत्रातून मिळत नाही. ती बल्ब हातात धरून, चार सहकाऱ्यांशी वाद घालून मिळते.

तिसरा मुद्दा साधनांचा. साहित्य दिले, की शिकवणे सुधारते, हा विश्वासही जुना आहे. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना विज्ञानसाहित्याच्या पेट्या मिळाल्या होत्या. त्यातल्या किती पेट्या कुलपात राहिल्या, हे त्या काळात शिक्षक असलेल्या कुणालाही विचारावे. कारण आळस नव्हता. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. तपासणीला ती मोजली जाते. काचेची परीक्षानळी फुटली, तर ती खर्ची टाकण्याची रीतसर प्रक्रिया लांबलचक, आणि तोवर जबाबदारी मुख्याध्यापकाची. अशा वेळी शहाणा मुख्याध्यापक पेटीला कुलूप लावतो. आज त्या पेटीच्या जागी थ्री-डी प्रिंटर आणि रोबोचे संच आले आहेत. किंमत वाढली, त्यामुळे भीतीही वाढली. यंत्र चालवायला शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा झाली, तरी ते मुलांच्या हाती द्यायचे धाडस त्या कार्यशाळेतून येत नाही. ते धाडस साहित्य फुटले तर भरून मिळेल, या खात्रीतून येते.

चौथा मुद्दा सर्वांत खोल आहे. शिक्षकाला आशय येत नाही, आधी तो पक्का करा, असे म्हटले जाते. यात निम्मे सत्य आहे आणि म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक वर्गांतल्या १८१ विज्ञानशिक्षकांचा आणि त्यांच्या साडेनऊ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांना प्रत्येक प्रश्नाचे योग्य उत्तर तर विचारलेच, शिवाय विद्यार्थी यातले कोणते चुकीचे उत्तर सर्वाधिक निवडतील, हेही विचारले. जिथे मुलांची चुकीची समजूत घट्ट असते, अशा प्रश्नांवर फक्त बरोबर उत्तर येणे पुरेसे ठरले नाही. ज्या शिक्षकांना मुले कुठे चुकणार हेही ठाऊक होते, त्यांची मुले लक्षणीय पुढे गेली. ली शुलमन यांनी १९८६ मध्येच सांगितले होते, की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे तंत्र यांच्या पलीकडे शिक्षकाचे स्वतःचे एक तिसरे ज्ञान असते: हा विशिष्ट विषय या विशिष्ट मुलांना कुठे अडतो आणि कसा उलगडतो, याचे ज्ञान. सॅडलर यांच्या आकड्यांनी त्याला बळ दिले.

हे तिसरे ज्ञान तज्ज्ञांच्या व्याख्यानात नसते, कारण ते तज्ज्ञांजवळही नसते. ते पाचोऱ्याच्या, कणकवलीच्या किंवा गडहिंग्लजच्या सातवीच्या वर्गात असते. मुलांच्या वह्यांत असते. ते बाहेर काढायला वर्गात शिकवणारे शिक्षकच एकत्र बसावे लागतात.

अजून एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधी शिक्षकाची मानसिकता बदला, मग शिकवणे बदलेल, असे प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात सांगितले जाते. थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये हा क्रम उलटा असल्याचे मांडले. शिक्षक वर्गात काही नवे करून पाहतो, मुलांच्या शिकण्यात फरक पडलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, आणि मग त्याचा विश्वास बदलतो. भाषणाने विश्वास बदलत नाही. मुलाच्या चेहऱ्यावर उमजल्याची खूण दिसली, की बदलतो.

आता मंडन. टीका करणे सोपे, पर्याय काय, असा प्रश्न रास्त आहे. पर्याय कल्पनेतला नाही. तो या देशात तीस वर्षे चालून दाखवला गेला आहे, तोही आपल्या शेजारच्या राज्यात.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ यांतल्या वैज्ञानिकांनी त्याला हात दिला. १९७८ मध्ये तो पूर्ण जिल्ह्यात पसरला, १९८२ मध्ये त्याची धुरा सांभाळायला एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला, तेव्हा सुमारे एक हजार शाळांत तो चालू होता. पुण्याच्या टेल्को कंपनीत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या वाल्वट्यूबची खेळणी घेऊन परतले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ही खेळणी महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचली. मराठी वाचकांचे होशंगाबादशी असे थेट नाते आहे.

पण त्या कार्यक्रमाचे मर्म खेळण्यांत नव्हते. त्याने शिक्षकाला कसे वागवले, यात होते. शिक्षकांना तीन उन्हाळ्यांत सहावी, सातवी आणि आठवी अशा क्रमाने तीन-तीन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. त्यात ते मुलांनी करायचे सगळे प्रयोग स्वतः करत, चुकत, भांडत, पुन्हा करत. फुलाचे भाग सोलायला बाभळीचा काटा चालतो, महागडी सुई लागत नाही, अशा गोष्टी तिथे हाताने कळत. त्यानंतर शाळांच्या गटासाठी एक संगम केंद्र असे आणि दर महिन्याला तिथे शिक्षकांची गोष्ठी होई. वर्गात काय फसले, मुलांनी काय विचारले, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, हे त्या गोष्ठीचे विषय असत. अनुभवी शिक्षक शाळांना भेटी देत आणि काळाच्या ओघात कार्यक्रमाचे प्रशिक्षक याच शिक्षकांमधून तयार झाले. 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तके शिक्षकांच्या अनुभवांवरून पुन्हा लिहिली गेली. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तर देणारा 'सवालीराम' होता. फुटलेले-संपलेले साहित्य पुन्हा भरून देण्याची व्यवस्था होती. आणि परीक्षा बदलली होती. आठवीच्या परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून लिहायचे आणि प्रयोगाचीही परीक्षा द्यायची.

या सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. परीक्षा जुनी ठेवली असती, तर प्रयोग करणारा शिक्षक पालकांच्या रोषाला बळी पडला असता. साहित्याची भरपाई नसती, तर पेटीला कुलूप लागले असते. मासिक गोष्ठी नसती, तर उन्हाळी प्रशिक्षण दिवाळीपर्यंत विरून गेले असते. शिक्षकाची वाढ ही या सबंध रचनेतून झाली. ती कोणत्याही एका कार्यशाळेच्या खात्यावर जमा करता येत नाही.

महाराष्ट्रातही अशी परंपरा आहे. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत झाले. केंद्राचे संस्थापक संचालक व्ही. जी. कुलकर्णी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना विज्ञान अवघड जाण्यामागे पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हा मोठा अडथळा असल्याचे पुढे आणले. हा शोध वर्गांत मुलांबरोबर आणि शिक्षकांबरोबर काम करताना लागला. प्रशिक्षणाची उतरंड असती, तर ती भाषेची अडचण खालून वर कधीच पोहोचली नसती, कारण उतरंडीत माहिती एकाच दिशेने वाहते.

जपानमध्ये शिक्षक अनेक दशके पाठ-अभ्यास करत आले आहेत. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे शिक्षक मुले कसा विचार करतात ते टिपतात, मग एकत्र बसून पाठ सुधारतात. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट यांनी १९९९ मध्ये अमेरिकेच्या आणि जपानच्या वर्गांची तुलना करताना या पद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले. होशंगाबादची गोष्ठी आणि जपानचा पाठ-अभ्यास यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोन्हींचा आशय एकच आहे: शिक्षकांचे काम शिक्षकांनी एकत्र तपासायचे आणि ते सातत्याने करायचे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, होशंगाबादला असामान्य माणसे लाभली होती, सर्वत्र ते शक्य नाही. वैज्ञानिक असामान्य होते हे खरे. पण वर्गात शिकवणारे शिक्षक सरकारी यंत्रणेतले साधे शिक्षक होते, बदलीची भीती, अपुरा पगार आणि मोडक्या इमारती सोसणारे. त्यांच्यातूनच प्रशिक्षक घडले. असामान्यता त्या रचनेने निर्माण केली.

दुसरा, चांगला होता तर बंद का झाला? बंद करणे हा शासकीय निर्णय होता आणि देशभरातल्या अनेक वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी त्याला विरोध नोंदवला होता. एखादा कार्यक्रम बंद पडणे हा तो फसल्याचा पुरावा मानला, तर सरकार बदलल्याबरोबर गुंडाळल्या गेलेल्या सगळ्याच योजना फसव्या ठरतील. खरा धडा वेगळा आहे. बाहेरच्या संस्थेच्या खांद्यावर उभा असलेला कार्यक्रम सरकारच्या एका आदेशाने कोसळतो. म्हणून हे काम शिक्षणव्यवस्थेच्या नियमित चौकटीतच रुजवले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: शिक्षकांना वेळ कुठे आहे? मला तो शंभर टक्के मान्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे, तरी माहिती भरणे, सर्वेक्षणे, ऑनलाइन नोंदी यांत त्यांचा दिवस जातो. पण हा आक्षेप माझ्या पर्यायाला जितका लागू आहे, तितकाच पन्नास तासांच्या प्रशिक्षणालाही आहे. वेळ काढायचाच आहे, तर ज्यातून वर्गात काही बदलेल, त्यासाठी काढू.

आणि वेळ काढायची जागा आपल्याकडे आधीपासून आहे. महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख यांची रचना आहे, दर महिन्याला केंद्रस्तरीय शिक्षण परिषद भरते. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाला संकुलाची कल्पना मांडली, ती याच कारणासाठी: जवळच्या शाळांनी साहित्य, प्रयोगशाळा आणि अनुभव वाटून घ्यावेत. आज परिषदेचा बहुतेक वेळ परिपत्रके समजावण्यात जातो. त्यातला निम्मा वेळ सहावी ते आठवीच्या विज्ञानशिक्षकांना वेगळा द्या. पुढच्या महिन्यात जो धडा शिकवायचा आहे, त्याचा प्रयोग त्यांनी जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत आपल्या हाताने करावा. मागच्या महिन्यातल्या वह्या आणाव्यात, मुलांनी कोणती चुकीची उत्तरे लिहिली आणि का लिहिली, यावर बोलावे. वर्षाला दहा बैठका आणि एक उन्हाळी शिबिर एवढ्यात धोरणाचे पन्नास तास भरतात. धोरणात तर हे प्रशिक्षण शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावे असेही म्हटले आहे. कागदावर जे आधीच आहे, ते अमलात आणायचे आहे.

त्याबरोबर तीन गोष्टी हव्यात. विज्ञानसाहित्यासाठी दरवर्षी छोटे, पण हमखास अनुदान आणि फुटलेली वस्तू मुख्याध्यापकाच्या सहीने खर्ची टाकण्याची मुभा. मूल्यांकनात प्रयोगाला खरे वजन, केवळ जर्नल तपासून दिलेले गुण नव्हेत. आणि केंद्रातल्या दोन-तीन अनुभवी विज्ञानशिक्षकांना इतर शाळांना भेटी देण्यासाठी महिन्याचे ठरावीक दिवस मोकळे, प्रवासभत्त्यासह. शिवाय, अटल प्रयोगशाळा असलेल्या शाळांनी आठवड्यातून एक दिवस आपले दरवाजे शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी उघडावेत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, एक शासन निर्णय पुरतो.

कार्यशाळा बंद करा, असे मी म्हणत नाही. ज्या कार्यशाळेत शिक्षक बल्ब हातात धरतो, ज्या कार्यशाळेनंतर महिन्याभराने कुणी तरी त्याला विचारते की वर्गात काय झाले, ती कार्यशाळा सोन्याच्या मोलाची आहे. विरोध आहे तो शिक्षकाला रिकामे भांडे समजून त्यात तास ओतण्याला. ही समजूत शिक्षकाचा अपमान करते आणि विज्ञानाचाही, कारण विज्ञान ऐकून शिकता येते असे ती गृहीत धरते.

शिक्षणाधिकाऱ्यांना, संस्थाचालकांना आणि पालक-शिक्षक संघांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अहवाल समोर येईल, तेव्हा किती तास झाले हे विचारू नका. किती शिक्षकांनी प्रयोग स्वतः केला, त्यातला कोणता फसला, मुलांची कोणती समजूत बदलली आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा कधी भेटणार आहेत, हे विचारा. या चार प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नसतील, तो अहवाल परत पाठवा.